लग्न परवडते कोणाला?

अमेरिकेत कुटुंबसंस्था मोडून पडली. तिथे माणसे लग्नावाचून एकत्र राहतात, मनात येईल तेव्हा विभक्त होतात आणि त्याची फळे त्यांची मुले भोगतात, हे निरूपण आपल्याकडे कीर्तनापासून विधिमंडळापर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्याचा उत्तरार्धही ठरलेला असतो : आपले संस्कार श्रेष्ठ, म्हणून आपली कुटुंबे शाबूत. आजवर हे निरूपण निरुपद्रवी वाटत होते. आता त्याला कायद्याचे दात फुटले आहेत. उत्तराखंड राज्याने २०२४ साली संमत केलेला आणि २७ जानेवारी २०२५ पासून अमलात आणलेला समान नागरी कायदा विवाहाविना एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुषांना सरकारदरबारी नोंद करण्याची सक्ती करतो. एक महिना नोंद न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात घातली गेली. नोंदीचा कागद पोलीस ठाण्यात जायचा आणि दोघांपैकी एकाचे वय २१ वर्षांखाली असले तर आईबापांना कळवायचे, अशीही त्यात योजना आहे. तेव्हा या निरूपणाचा पाया कितपत भक्कम आहे, हे तपासणे हा आता केवळ समाजशास्त्राच्या अभ्यासकांचा विषय राहिलेला नाही. तो आपल्या चळवळीचा विषय आहे. आणि तपासायचाच तर ज्या देशाचा दाखला उठल्यासुटल्या दिला जातो, त्या अमेरिकेपासूनच सुरुवात केली पाहिजे.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत लग्नापूर्वी एकत्र राहणे ही आता मूठभर बंडखोरांची रीत नाही. तेथील दर दहा विवाहांपैकी सुमारे सात विवाहांत वधूवर आधीपासून एका छपराखाली राहत असतात. गरीब राहतात, तसे श्रीमंतही राहतात. शिकलेले राहतात, तसे न शिकलेलेही राहतात. तेव्हा एकत्र राहणे हा भेद नव्हे. भेद सुरू होतो तो त्यानंतर. त्या सहजीवनाचे पुढे लग्नात रूपांतर होते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकी शासनाच्याच आरोग्य-सांख्यिकी केंद्राने २००६ ते २०१० या काळात स्त्रियांची पाहणी केली. पहिल्यांदा सहजीवन सुरू केलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ४० जणींचे तीन वर्षांत लग्न झाले, ३२ जणी तशाच एकत्र राहिल्या आणि २७ जणी विभक्त झाल्या. ही झाली सरासरी. सरासरीच्या पोटात शिरले की वर्गव्यवस्था दिसू लागते. महाविद्यालयाची पदवी घेतलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणी तीन वर्षांच्या आत विवाहित झाल्या. शालेय शिक्षणही पुरे न झालेल्यांत हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपासच राहिले. गौरवर्णीय स्त्रियांच्या तुलनेत कृष्णवर्णीय स्त्रियांत ते बरेच कमी होते. म्हणजे प्रेम सर्वांना आहे, संसार सर्वांना आहे, मुलेही सर्वांना आहेत. लग्न मात्र पदवीच्या आणि कातडीच्या हिशेबाने मिळते!

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत उच्चशिक्षित स्त्री ही विवाहाच्या बाजारात मागे पडलेली मानली जाई. पदवीधर स्त्रिया तेव्हा इतरांहून कमी प्रमाणात लग्न करीत. आज नेमके उलट झाले आहे. शिक्षणाने माणूस विवाहाला अनुकूल किंवा प्रतिकूल ‘संस्कार’ घेतो, असे असते तर हा उलटा फेरा कसा फिरला? बदल संस्कारांत झाला नाही. पदवीच्या बाजारभावात झाला. पूर्वी पदवीविनाही कारखान्यात कायमची नोकरी मिळत होती, तिच्यावर घर उभे राहत होते. आज त्या देशात पदवी नसलेल्या माणसाला स्थिर रोजगार मिळणे दुरापास्त झाले आहे.

गरिबाला लग्न नको आहे काय?

सनातन्यांचे उत्तर तयार असते : गरिबांना विवाहाचे मोलच कळत नाही. हे उत्तर ज्यांनी गरिबांच्या दारी जाऊन तपासले, त्यांना ते खोटे आढळले. कॅथरिन ईडिन आणि मारिया केफालास या दोन समाजशास्त्रज्ञांनी फिलाडेल्फिया व शेजारच्या कॅम्डेन या शहरांतील १६२ गरीब एकल मातांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि त्यांचे निष्कर्ष २००५ साली ग्रंथरूपाने मांडले. या स्त्रियांच्या मनात लग्नाविषयी तुच्छता नव्हती. उलट लग्न त्यांना इतके मोलाचे वाटत होते की हाती स्थिर मिळकत नसताना, राहायला धड घर नसताना, उद्या मोडेल असे लग्न करणे त्यांना लाजिरवाणे वाटे. त्याच वर्षी पामेला स्मॉक, वेंडी मॅनिंग आणि त्यांच्या सहकारी यांनी ओहायो राज्यातील कामगारवर्गीय जोडप्यांबद्दल लिहिले. त्यांनाही हेच आढळले. ही जोडपी लग्नाला नकार देत नव्हती. कर्ज फिटू दे, नोकरी पक्की होऊ दे, चार पैसे गाठीला बांधू दे, मग लग्न, असे म्हणत होती. ते ‘मग’ पुष्कळांच्या आयुष्यात उगवतच नाही.

सहजीवनाची सुरुवातही वर्गावर्गांत निरनिराळी होते. शॅरन सॅसलर आणि अमँडा मिलर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की कमी शिकलेली जोडपी ओळख झाल्यावर फार लवकर एकत्र राहू लागतात, कारण दोन खोल्यांची भाडी देणे त्यांना झेपत नाही. पदवीधर जोडपी सावकाश जातात. त्यांच्यापाशी थांबण्याची ऐपत असते. एका वर्गाला सहजीवन हा विचारपूर्वक चढलेला जिना आहे. दुसऱ्या वर्गाला तो पावसात सापडलेला आडोसा आहे. दोन्हींना एकच नाव देऊन एकाच मापाने मोजणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून न्यायनिवाडा करणे होय.

आपल्याकडे एक म्हण आहे : घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून. ज्या अनुभवी लोकांनी घर आणि लग्न एका दमात उच्चारले, त्यांना अर्थशास्त्र कळत होते. फिलाडेल्फियाच्या गरीब बाईलाही ते कळते. कळत नाही ते नीतीच्या ठेकेदारांना.

वर्णाचा प्रश्न वर्गात विरघळत नाही

आपल्यातील काही मित्र येथे घाईने म्हणतील, की मग हा सगळा वर्गाचाच प्रश्न आहे. वर्णाचा वेगळा विचार कशाला? जातीच्या बाबतीत आपण भारतात जी चूक वर्षानुवर्षे केली, तीच ही चूक आहे. शिक्षण समान असतानाही अमेरिकेतील कृष्णवर्णीय जोडप्यांचे सहजीवन विवाहापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण कमी आहे. का? कारण समान पदवी म्हणजे समान स्थिती नव्हे.

तेथील मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीनुसार गौरवर्णीय कुटुंबाची मध्यम संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,००० डॉलर. पगार सारखा असला तरी एकाच्या पाठीशी बापाचे घर असते, दुसऱ्याच्या पाठीशी शिक्षणाचे कर्ज. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. सारखी पात्रता असलेले तरुण नोकरी मागण्यासाठी मालकांकडे पाठविण्यात आले. तुरुंगात जाऊन आल्याचे सांगणाऱ्या गोऱ्या तरुणांपैकी १७ टक्क्यांना मालकांनी पुन्हा बोलावले. कसलाही गुन्हा नसलेल्या काळ्या तरुणांपैकी १४ टक्क्यांना! जिथे निर्दोष काळ्यापेक्षा शिक्षा भोगलेला गोरा बरा वाटतो, तिथे काळ्या तरुणाने कोणत्या भरवशावर बायकोला वचन द्यावे? शिवाय कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांच्या कित्येक पटींनी तुरुंगात डांबले जातात. शिकागोच्या वस्त्यांचा अभ्यास करून विल्यम ज्यूलियस विल्सन यांनी १९८७ साली लिहिले, की कारखाने बंद पडले, नोकऱ्या उपनगरांत गेल्या आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत संसाराचा भार उचलू शकेल असा कमावता पुरुषच दुर्मीळ झाला. वरास नोकरी नाही, हे लग्न न होण्याचे कारण आपल्या खेड्यातल्या कोणत्याही म्हातारीने सांगितले असते. अमेरिकी राज्यकर्त्यांना ते समजायला एक ग्रंथ लागला आणि तरीही ते समजले नाही.

आणि संस्कारांचाच वाद घालायचा, तर इतिहास काढला पाहिजे. गुलामगिरीत काळ्या माणसाच्या विवाहाला कायद्याची मान्यताच नव्हती. मालक वाटेल तेव्हा नवऱ्याला एकीकडे आणि बायकोला दुसरीकडे विकू शकत होता. १८६५ साली गुलामगिरी संपताच मुक्त झालेल्या हजारो जोडप्यांनी पहिले काम कोणते केले असेल, तर वर्षानुवर्षे एकत्र राहून झालेला आपला संसार विवाह म्हणून नोंदवून घेण्याचे. त्यानंतर १८९० पासून १९४० पर्यंत कृष्णवर्णीय अमेरिकन गोऱ्यांपेक्षा लहान वयात लग्ने करीत होते. ज्या समाजाला विवाहाचे वावडे आहे असे आज सांगितले जाते, त्या समाजाची ही हकीकत आहे. लग्न त्यांनी सोडले नाही. ज्या जमिनीवर लग्न उभे राहते, ती त्यांच्या पायाखालून काढून घेण्यात आली.

उपदेशाचा सरकारी कारखाना

राज्यसंस्थेने यावर काय केले? रोजगार दिला नाही. उपदेश दिला, आणि उपदेशाआड दंडुका ठेवला.

आलाबामा राज्याने १९६४ साली असा नियम काढला, की गरीब आईकडे कोणी पुरुष राहत असेल किंवा येत-जात असेल, तर तो मुलांचा ‘पर्यायी बाप’ समजावा आणि मुलांची सरकारी मदत बंद करावी. त्याने मुलांना दमडी दिली नाही तरी चालेल! जानेवारी १९६७ पर्यंत त्या राज्यात मदत मिळणाऱ्या मुलांची संख्या सुमारे १६,००० नी घटली. पहाटेपासून दुपारपर्यंत खाणावळीत राबून आठवड्याला १६ ते २० डॉलर मिळविणाऱ्या, चार मुलांचा भार वाहणाऱ्या एका कृष्णवर्णीय विधवेने हा नियम सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. तिच्याकडे येणाऱ्या माणसाला स्वतःचीच नऊ मुले होती. १९६८ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला. आईच्या वर्तनाची शिक्षा मुलांच्या पोटाला देता येणार नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ होता.

परंतु वृत्ती रद्द झाली नाही. त्याआधी तीनच वर्षे, १९६५ साली, मजूर खात्यातील अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहॅन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबाविषयी अहवाल लिहिला होता. मॉयनिहॅन प्रतिगामी नव्हते, बेकारीचे कारण त्यांनी मांडले होते. तथापि त्या अहवालातून राज्यकर्त्यांनी आणि वृत्तपत्रांनी उचलले ते एवढेच, की काळ्यांचे कुटुंब रोगट आहे. त्या वेळी कृष्णवर्णीयांतील सुमारे एक चतुर्थांश मुले विवाहाबाहेर जन्मत होती आणि त्यावरून एवढा गहजब झाला. आज गौरवर्णीयांतही हे प्रमाण एक चतुर्थांशाच्या वर गेले आहे. कारण काय? गोऱ्या कामगारांचेही कारखाने गेले, त्यांच्याही संघटना मोडल्या. १९५०च्या दशकात अमेरिकेतील सुमारे एक तृतीयांश पगारी कामगार संघटित होते. आज दहापैकी एकच उरला आहे. काळ्या कामगाराला आधी जे भोगावे लागले ते गोऱ्याच्या वाट्याला मागाहून आले. मग तो रोग कातडीचा होता, की भांडवलशाहीचा?

१९९६ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी गरिबांच्या मदतीला कात्री लावणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याच्या आरंभीच यशस्वी समाजाचा पाया विवाह हा आहे, असे तात्पर्य नमूद केलेले आहे. मदत कापायची आणि वर आशीर्वाद द्यायचा! पुढे धाकट्या बुश यांच्या राजवटीत, २००६ पासून, विवाहाच्या आणि जबाबदार पितृत्वाच्या प्रचारासाठी वर्षाला १५ कोटी डॉलर बाजूला काढण्यात आले. त्यातून अविवाहित गरीब आईबापांना संसाराचे शिक्षण देणारे वर्ग निघाले. सरकारनेच नेमलेल्या संशोधकांनी आठ ठिकाणच्या पाच हजारांहून अधिक जोडप्यांची तीन वर्षे पाहणी केली. निष्कर्ष असा निघाला की वर्गात घातलेली जोडपी आणि न घातलेली जोडपी यांच्यात लग्न करण्याच्या बाबतीत काहीही फरक पडला नाही. भुकेल्याला पाकशास्त्रावर व्याख्यान दिले, तर पोट भरत नाही. हा शोध कोट्यवधी डॉलर खर्चून लागला.

दुसऱ्या बाजूला तेच सरकार गरिबाच्या लग्नावर दंड आकारते. अपंग व वृद्ध निर्धनांसाठी जी संघराज्याची मदत आहे, तिच्यात दोन लाभार्थींनी परस्परांशी लग्न केले की दोघांची मिळून रक्कम दीडपट होते, दुप्पट नाही. लग्न करा म्हणून पत्रके वाटणारे सरकार लग्नाच्या दिवशी चौथा हिस्सा कापून घेते. याला ढोंग म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप प्रामाणिक माणसांचा आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. ते विचारतात, मुलांचे काय? आईबाप विभक्त झाले की मुलांची फरपट होते, हे खोटे आहे काय? खोटे नाही. घर वारंवार मोडणे मुलाला बाधते, हे आम्हीही मानतो. परंतु घर मोडते ते लग्नाचा कागद नसल्यामुळे, की कागद आणि स्थैर्य या दोन्ही गोष्टी एकाच गोष्टीच्या अभावी दुर्मीळ झाल्यामुळे? स्वीडनमध्ये निम्म्याहून अधिक मुले अविवाहित मातांच्या पोटी जन्मतात आणि त्यांतील बहुतेकांचे आईबाप एकत्र राहत असतात. तिथे १९७४ पासून आई आणि बाप दोघांनाही अपत्यसंगोपनाची भरपगारासारखी रजा आहे, पाळणाघरे आहेत, आणि विवाहाविना सहजीवन करणाऱ्यांच्या घरादाराच्या वाटणीचा १९८७ पासून स्वतंत्र कायदा आहे. तिथेही कमी शिकलेली जोडपी अधिक मोडतात, हे लपविण्याचे कारण नाही. पण घर मोडले म्हणून मूल उपाशी निजत नाही. हे आपोआप घडलेले नाही. १९३४ साली आल्वा आणि गुन्नार मिर्दाल या समाजवादी दांपत्याने जननप्रमाण घटल्याची ओरड ऐकून स्त्रियांना नीतिपाठ दिले नाहीत. घरे, आरोग्यसेवा आणि बालकांची सामाजिक जबाबदारी यांची मागणी केली. पुढे याच आल्वा मिर्दाल भारतात स्वीडनच्या राजदूत होत्या. आपल्या राज्यकर्त्यांनी त्यांच्याकडून एवढे जरी शिकून घेतले असते!

दुसरा आक्षेप आपल्याच बाजूच्या काही सुशिक्षित मंडळींचा आहे. ते म्हणतात, विवाह ही कालबाह्य, पुरुषप्रधान संस्था आहे. गरीब ती झुगारून देत असतील तर उत्तमच! हा क्रांतीचा आव आहे, क्रांती नव्हे. विवाहसंस्थेवरील आपली टीका कायम आहे आणि राहील. परंतु ज्याने जेवण नाकारले आणि ज्याला जेवण मिळाले नाही, या दोघांनाही उपोषणकर्ते म्हणता येत नाही. पदवीधर, नोकरदार स्त्री विवाह नाकारते तेव्हा तिच्यापाशी भविष्यनिर्वाह निधी असतो, वकील असतो, परत जायला माहेर असते. जिच्यापाशी यांतले काही नाही, तिचे विनाविवाह सहजीवन म्हणजे वारसा नाही, पोटगीची खात्री नाही, आजारात सही करण्याचा अधिकार नाही. तिच्या लाचारीला बंड म्हणून मिरविणे हा तिचा दुसऱ्यांदा केलेला अपमान होय.

आपल्या घरात डोकावू या

आता आपल्या संस्कारांकडे वळू. अमेरिकेतील भारतीयांची, त्यांत आपल्या मराठी बांधवांचीही, कुटुंबे अभंग आहेत, हा पुरावा म्हणून पुढे केला जातो. तेथील प्रौढ भारतीयांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पदवीधर आहेत. १९६५ च्या कायद्यापासून अमेरिकेने शिकलेले तेवढे पाखडून घेतले. कोंडा मागे राहिला तो आपल्याकडे. शिवाय नोकरीच्या परवान्यावर गेलेल्या अभियंत्याला सोबत नेता येते ती केवळ कायदेशीर पत्नी किंवा पती. लग्नाशिवाय सोबतीणीला तो परवाना मिळतच नाही. म्हणजे ज्या गटात पदवी, पगार आणि परवाना या तिन्ही गोष्टी लग्नाच्या बाजूने उभ्या आहेत, त्या गटात लग्ने टिकतात. त्यात संस्कृतीचा पराक्रम तो कोणता? हीच पदवी आणि हाच पगार असलेल्या गोऱ्यांतही लग्ने होतात आणि पुष्कळ टिकतात.

संस्कृतीची खरी परीक्षा पाहायची असेल तर जिथे पगार नाही तिथे गेले पाहिजे. ठाणे जिल्ह्याच्या वारली पाड्यांत स्वातंत्र्यापूर्वी ‘लग्नगडी’ होते. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडे कर्ज काढायचे आणि त्यापायी आयुष्यभर त्याच्या दारी राबायचे, बायकोनेही राबायचे. मंगलाष्टकांबरोबर गुलामी सुरू होई. १९४५ नंतर किसान सभेच्या झेंड्याखाली, शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाने, वारल्यांनी ती वेठ मोडली. वेठबिगारी देशभर बंद करणारा कायदा यायला मात्र १९७६ साल उजाडले. ज्यांना लग्नगडी व्हायचे नव्हते, त्यांच्यापुढे एक मार्ग असे : लग्न पुढे ढकलून तसेच एकत्र राहायचे.

आज झारखंडात तेच चालू आहे. खुंटी, गुमला या भागांत गावजेवण घालण्याची ऐपत नाही म्हणून लग्नावाचून राहणारी आदिवासी जोडपी आहेत. त्यांना ‘ढुकू’ म्हणतात. ती बाई कपाळी सिंदूर लावू शकत नाही, तिच्या मुलांचे धार्मिक संस्कार अडतात, मृत्यूनंतर गावाच्या दफनभूमीत जागा मिळण्याची मारामार होते. गेल्या काही वर्षांत स्वयंसेवी संस्थांनी तिथे सामूहिक विवाह घडवून आणले, तेव्हा एकाच मांडवात आईबाप आणि त्यांचा मुलगा-सून बोहल्यावर उभे राहिलेले लोकांनी पाहिले. या माणसांना अमेरिकेचे वारे लागले होते काय? त्यांनी इंग्रजी चित्रपट पाहिले होते काय? फिलाडेल्फियातील आईला जे अडवीत होते, तेच गुमल्यातील बापाला अडवीत होते. मधे एक महासागर आहे. दारिद्र्य मात्र एकाच जातीचे आहे.

आणि उत्तराखंडचा कायदा कोणाला हाताशी धरणार? त्यातून अनुसूचित जमाती वगळल्या आहेत, हे खरे. परंतु शहरात भाड्याची खोली घेऊन राहणारे, गावातून जातीबाहेरच्या प्रेमापायी पळून आलेले, हातावर पोट असलेले तरुण-तरुणी वगळलेले नाहीत. ज्यांच्या नावावर घर आहे, त्यांच्या दारावर शिपाई जाणार नाही. नोंदीची सूचना पोलिसांना आणि मुलीच्या बापाला मिळाली की आंतरजातीय जोडप्याचे काय होते, हे महाराष्ट्रातही कोणाला सांगायला नको. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारा हा कायदा आहे.

आपले काम

आपल्या कार्यकर्त्यांनी या विषयावर बोलताना दोन टोके टाळली पाहिजेत. लग्न करा म्हणून आपण कोणाला सांगायचे नाही आणि लग्न करू नका म्हणूनही सांगायचे नाही. दोन सज्ञान माणसांना करायचे असेल तेव्हा ते करता यावे, करायचे नसेल तर त्यावाचून सन्मानाने राहता यावे आणि कोणत्याही बाजूने मुलाच्या ताटातला घास जाऊ नये, एवढेच आपण मागायचे आहे. यातून चार मागण्या निघतात.

पहिली, सहजीवनाच्या सक्तीच्या नोंदी आणि त्यामागील शिक्षा रद्द झाल्या पाहिजेत. स्त्रीला संरक्षण हवे आहे, पाळत नको आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीला जे संरक्षण दिले आहे, ते वाढवावे. पोलिसांच्या वहीत नाव चढवून ते मिळत नाही. दुसरी, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांची जाहीर नोटीस काढून टाकावी आणि गरिबाला तालुक्याच्या गावी, एका दिवसात, नाममात्र खर्चात लग्न नोंदविता यावे. गावजेवण देऊ न शकणाऱ्या जोडप्याला कायद्याच्या लेखी पती-पत्नी होण्यास गावाच्या परवानगीची गरज उरू नये. तिसरी, एकत्र राहणाऱ्या आईबापांच्या मुलांना रेशन, शाळा, दाखला आणि वारसा यांत कसलाही दुजाभाव सोसावा लागू नये. आणि चौथी, जिच्यावाचून पहिल्या तिन्ही कागदावर राहतील ती, म्हणजे कायम रोजगार, जगण्यापुरते वेतन आणि डोक्यावर छप्पर. कंत्राटी कामगाराचे लग्न हेही अखेर कंत्राटीच असते.

एक काम मात्र सरकारची वाट न पाहता करण्याजोगे आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने भटजीविना आणि बडेजावाविना लग्न लावून दाखविले, त्याला दीडशे वर्षे उलटून गेली. राष्ट्र सेवा दलाच्या पिढ्यांनी नोंदणी विवाहांची आणि आंतरजातीय विवाहांची परंपरा चालविली. आज आपल्याच कार्यकर्त्यांच्या घरी ऋण काढून मांडव पडतात, वरातीचे ध्वनिवर्धक रात्रभर वाजतात आणि शेजारचा शेतमजूर त्याच मापाने आपल्या मुलीचे लग्न करण्यासाठी सावकाराची पायरी चढतो. लग्न महाग करण्यात आपला हात असेल, तर लग्नावाचून राहणाऱ्या गरिबाला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. येत्या लग्नसराईत प्रत्येक तालुका शाखेने आपल्या सभासदांच्या घरचे निदान एक लग्न नोंदणी कचेरीत, जेवणावळीवाचून, लावून दाखवावे. संस्कृतिरक्षकांना दिलेल्या दहा व्याख्यानांहून ते उत्तर अधिक ठसठशीत ठरेल.